दोर कासिल्दाचा

दोर येऊन पडला तो थेट माझ्या बिस्किटांच्या परातीत.

“घ्या,” ड्वाइट टीग म्हणाला. “तुमच्या नासारियोची कारागिरी. ओरिनचा डोळा खाल्लाय ह्यानं.”

दुपारची जेवणं चालली होती. रँचच्या स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाशी सहा घोडेस्वार बसले होते, आणि दाराशी नासारियो आर्विसू उभा होता, हॅट दोन्ही हातांनी छातीशी धरून. त्याची बोटं संधिवातानं इतकी वाकलेली, की हॅट धरली आहे की अडकली आहे ते कळू नये. त्याच्या मागं त्याची बायको कासिल्दा. टीगनं निरोप पाठवून नवऱ्याला बोलावलं होतं. पिकअप तीच चालवते, म्हणून ती आली. नाहीतर तिला कोण बोलावतं?

मी ओफेलिया. या रँचवर अठरा वर्षं रांधते आहे. टीग म्हणजे आमचा मुकादम. टेक्ससहून येऊन त्याला दीड वर्ष झालं होतं, आणि दीड वर्षात त्यानं नेवाडातलं एकही माणूस बरोबर काम करताना पाहिलं नव्हतं.

मंगळवारी काय झालं ते सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. मालकाचे पाहुणे शहरातून फोटो काढायला आले होते. टीगनं त्यांच्यासमोर लाल बैलाच्या गळ्यात फास टाकला. बैलानं हिसका दिला, कच्च्या कातड्याचा तो देखणा दोर फाडकन तुटला, आणि तुटलेलं टोक चाबकासारखं उडून बैलाच्या पलीकडे असलेल्या ओरिन सॅमच्या तोंडावर बसलं. ओरिन साठ वर्षांचा, इथल्या मूळच्या पायूट लोकांपैकी. फास टाकण्यात त्याच्या तोडीचा माणूस या खोऱ्यात मी पाहिला नाही. दवाखाना दोन तासांच्या वाटेवर. उजवा डोळा वाचला नाही.

“सडकं कातडं वापरलंस, म्हाताऱ्या,” टीग म्हणाला. “का बरं, नजर गेली का तुझी? दिसत नसेल तर कोंबड्या पाळ.”

नासारियोच्या ओठांची नुसती हालचाल झाली. मग तो म्हणाला, “मी... हा मी नाही विणला.”

“मग कोणी? देवदूतांनी?”

टेबलावर कोणीतरी फिसकन हसलं. नासारियोनं हॅट एकदा पुढून मागं फिरवली.

“हिनं विणलाय,” तो म्हणाला. “माझ्या बायकोनं.”

मी कॉफीचं भांडं हातात घेऊन उभी होते, ते तसंच राहिलं. कासिल्दानं नवऱ्याकडे वळून पाहिलं. आवाज अगदी खाली.

“आज आठवलं होय तुम्हाला?”

टीगला आधी समजलं नाही, आणि समजलं तेव्हा त्याला इतका आनंद झाला की काय सांगू! “म्हणजे बाईच्या हातची वेणी घेऊन मी बैलामागं गेलो होतो? आणि तुम्ही सगळे, एवढे मिशांचे धनी, ह्या वेण्यांना पंचवीस वर्षं नासारियोचा दोर, नासारियोचा दोर म्हणून डोक्यावर घेऊन नाचताय?”

“चौदा,” कासिल्दा म्हणाली.

“काय?”

“पंचवीस नाही. चौदा वर्षं माझे. त्याआधीचे ह्यांचे.”

तिनं दोराकडे हात केला. टीगनं तो झटक्यात परातीतून उचलला. “हात लावायचा नाही. हा आता फाटकावर टांगणार मी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे काय माल असतो ते.”

सहा पुरुष जेवत होते. त्यातले चौघे मंगळवारी त्या कुंपणात घोड्यावर होते. एकाचीही मान ताटावरून वर आली नाही. मला अजून ते आठवलं की कान तापतात. आणि मी तरी काय केलं? परातीतली वरची बिस्किटं काढून टाकली आणि खालची वाढली.

*

आमच्याकडे या दोराला रियाता म्हणतात. गाईच्या एका अख्ख्या कातड्यातून तो निघतो, आणि त्याला दुसरं काहीही लागत नाही, ना धागा, ना खिळा. पण ते कातडं कोणतं, इथून सुरुवात आहे. गाय म्हातारी हवी, हाडकलेली हवी. चरबीवर पोसलेल्या जनावराचं कातडं स्पंजासारखं. ते सावलीत ताणून वाळवायचं, केस खरवडायचे, आणि मग कडेनं सुरी लावून गोल गोल कापत मध्यापर्यंत जायचं, न तुटू देता, अशी एकच लांबच लांब वादी. डाव्या अंगठ्याचं नख म्हणजे माप. कासिल्दाच्या त्या नखाला कायमची खाच पडली आहे. मग वादी भिजवायची, ताणायची, कडा तासायच्या, चार पेड करायचे आणि खांबाला पाय लावून, सगळं अंग मागं टाकून ते विणायचे. प्रत्येक वेढा मागच्याइतकाच आवळ. एक ढिला पडला की भार शेजारच्यावर जातो. मला ती एकदा म्हणाली होती, “ओफेलिया, चौघं मिळून ओढतात तोवर दोर आहे. तिघांनी ओढलं आणि एक नुसता बरोबर चालला, तर ती फसवणूक आहे.”

नासारियोची बोटं धरायला लागली त्या हिवाळ्यात तिनं सुरुवात केली. आधी नुसतं टोक धरायचं. मग ओला पेड आवळायचा, कारण त्याच्या बोटांत जोर राहिला नव्हता. मग वादी कापायची. पुढच्या हिवाळ्यात तो फक्त सांगत होता, आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सांगायलाही काही उरलं नव्हतं.

पण गिऱ्हाईक यायचं ते नासारियोकडे. म्हणून त्यांनी दोघांनी एक रीत पाडली. रस्त्यावर पिकअपचा आवाज आला की कासिल्दा विणत असलेला दोर उचलायची, खिडकीशी बसलेल्या नवऱ्याच्या मांडीवर ठेवायची, आणि कॉफी ठेवायला उठायची. माणूस आत यायचा. “काय नासारियो, चाललंय का काम?” नासारियो मांडीवरच्या दोरावरून हात फिरवायचा. “चाललंय.” मी स्वतः चार-सहा वेळा हे पाहिलं आहे. दोराला चोळायची चरबी तिच्या तळव्यांवरून कपाच्या कानाला लागलेली असायची, आणि तो माणूस तोच कप हातात घेऊन नासारियोच्या कारागिरीची तारीफ करायचा.

मी तिला एकदा म्हटलं होतं, “अगं, सांगत का नाहीस?”

“सांगितलं तर हे काय करतील दिवसभर?” ती म्हणाली. “आणि बाईचा दोर बैलाच्या गळ्यात टाकायला कोण धजावणार आहे?”

माणसानं असं चौदा वर्षं झाकावं, कुणाची तरी लाज राखावी, आणि एक दोर तुटताच नवऱ्यानं भर टेबलावर बोट दाखवावं, ‘हिनं केलं.’ चांगला होता तोवर माझा, तुटला की तुझा!

*

त्या रविवारी फादर अमादेओ आले होते. ते पंधरा दिवसांनी येतात, सोबत गिटार घेऊन. दोन वाक्यं बोलतात आणि तिसरं गातात. मी त्यांच्या त्या गाण्यासाठी चाळीस मैल खड्ड्यांतून जाईन; देवळातलं लाकडी बाक टोचत असतं, शेगडी धुरत असते, आणि त्यांचा आवाज लागला की मला वाटतं, माझ्या आतला सगळा केर कोणीतरी हलक्या हातानं काढतं आहे. त्या दिवशी त्यांनी एका लग्नघराची गोष्ट लावली होती. पाहुणे नवऱ्याला नावाजतात, नवरीला नावाजतात, दारूवाल्याला नावाजतात. मागच्या अंगणात एक बाई पहाटेपासून भाकरी भाजते आहे, तिला कोणी पाण्याचंही विचारत नाही. मग देव मागच्या दारानं येतो, तिच्यासमोर बसतो. इथं फादर गायला लागले, “तुझे हात मी ओळखतो, बाई, तुझे हात मी ओळखतो.” तीनदा. तिसऱ्यांदा सगळं देऊळ गात होतं आणि मी रडत होते.

कासिल्दा माझ्या शेजारीच. माझ्या मुलीची ती धर्ममाता, आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. ती गात नव्हती.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “ऐकलंस ना, कोमाद्रे? तुझ्यासाठीच गायले असं वाटलं मला.”

“ऐकलं. देव ओळखतो.”

“मग?”

“मग त्यानं टीगच्या कानात जाऊन सांगावं की! मला कशाला सांगतो? माझे हात मी ओळखते.”

“असं बोलू नये गं.”

“देवावर नाही रागावले मी. तो बिचारा मागच्या दारानं तरी येतो. बाकीच्यांना पुढचं दार आहे, डोळे आहेत, तोंड आहे.” ती पिकअपशी जाऊन थांबली. आत नासारियो बसला होता, काच वर करून. बुधवारपासून त्या घरात ‘मीठ दे’ यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. ती माझ्याकडे वळली आणि एकदम तिचा चेहरा पडला. राग गेला आणि खालून दुसरंच काहीतरी वर आलं.

“ओफेलिया, त्या कातड्यावर तारेचा ओरखडा होता.”

“कुठल्या कातड्यावर?”

“ह्याच. गाय कधीतरी काटेरी तारेत अडकली असणार. बरी झालेली जखम, बोटाएवढी. मी तिच्या बाजूनं सुरी वळवली. पुरेशी लांबून वळवली असं मला वाटलं. पण वाटलं म्हणजे काय? झोपच नाही मला. टीग काय म्हणतो ते मरू दे. फाटकावर मला टांगलं तरी चालेल. पण ओरिनचा डोळा माझ्या सुरीनं गेला की नाही, एवढं मला कळायला हवं. उद्या मी तो दोर बघणार.”

“टीग असेल तिथं.”

“असू दे. मी त्याला बघायला येत नाहीये.”

*

सोमवारी सकाळी ती आली. फाटकावर दोर टांगलेला होता आणि वर टीगनं फळी ठोकली होती: ‘बाईच्या हातचा माल’. ती चाऱ्याच्या खोक्यावर चढली, दोर काढला आणि तिथंच मातीत मांडी घालून बसली. घोड्यांवर खोगिरं चढवणारी माणसं थबकली. मी एप्रनला हात पुसत बाहेर आले. टीग खोगीर चढवलेला घोडा घेऊन तबेल्यातून आला.

“काय चाललंय?”

फासाच्या कड्यापासून सुरुवात करून ती दोर बोटांतून सोडत होती, इंचाइंचानं, डोळे मिटून. मला विचाराल तर जपमाळच. मध्यावर आल्यावर ती थांबली. अंगठ्यानं एक जागा दाबली, वाकवली, नखानं पेड उचलून पाहिला. मग दातांखाली धरून पाहिला.

“हीच ती,” ती मला म्हणाली. “ओरखड्याशेजारची वादी. बघ. केसभरसुद्धा उसवली नाहीये.” आणि तिनं एवढा मोठा सुस्कारा सोडला, की शेजारचा घोडा कान टवकारून बघायला लागला.

मग तिनं पुढचा दोर सोडला. तुटल्या टोकापर्यंत आली, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. ती उठली. दोन्ही हात पसरून दोर मोजला. एक वाव, दोन वाव.

“शेपूट कुठंय?” तिनं विचारलं.

“कसलं शेपूट?” टीग म्हणाला.

“मी बारा वाव दोर दिला होता. हा साडेअकरासुद्धा नाही. शेवटच्या हातभर भागात मी पेड निमुळते करत नेते. ते निमुळतं टोक कुठंय? दोर तुमच्या हाताशी तुटलाय, बैलाशी नाही. बैलाशी तुटला असता तर उडून तुमच्या तोंडावर आला असता. तो ओरिनकडे उडाला, कारण तुटला तो इथं, खोगिरापाशी.” ती पुढं झाली, टीगच्या घोड्यापाशी, आणि खोगिराच्या पुढच्या खुंटावर तिनं हात ठेवला. दोर सरकू नये म्हणून खुंटाला मोटारच्या ट्यूबचं काळं रबर गुंडाळलेलं होतं. “तुम्ही खुंटाला गाठ मारली होतीत का?”

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्या खोऱ्यात फास पडला की दोराचं मागचं टोक खुंटाभोवती नुसतं वेढायचं, दोन-तीन वेढे. बैलानं हिसका दिला की वेढे सरकतात, धूर निघतो, पण दोर जगतो, घोडा जगतो, माणूस जगतो. टेक्ससकडे टोक खुंटाला पक्कं गाठीनं बांधतात. त्यांच्या नायलॉनला ते चालतं. कच्च्या कातड्याला गाठ मारून वर रबरावर आवळणं म्हणजे त्याला मान हलवायला जागा न ठेवता फाशी देणं. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

“मी वेढे दिले होते,” टीग म्हणाला.

घोडेस्वार पुन्हा खोगिरांचे पट्टे आवळायला लागले. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. आमचा कुत्रा, डेप्युटी त्याचं नाव, गेले पाच-सहा दिवस स्वयंपाकघराच्या पायरीखाली काहीतरी चघळत पडलेला असायचा. मी दोनदा पायानं ते बाजूला सारलं होतं. मी पळतच गेले. डेप्युटी गुरगुरला, मी त्याला अशी शिवी दिली की फादरना सांगताना मला पुढं लाज वाटली, आणि त्याच्या तोंडातून ते ओढून घेतलं.

गाठ होती. सुरीनं एका बाजूनं कापून खुंटावरून काढलेली, हातभर शेपटासकट. कुत्र्यानं सहा दिवस चावली होती तरी सुटली नव्हती. आतल्या बाजूला रबराचा काळा रंग बसला होता, आणि मधली पोकळी बरोब्बर खुंटाएवढी.

कासिल्दानं ती टीगच्या हातात दिली नाही. आपल्याच तळहातावर धरली, त्याला दिसेल अशी.

“सुटली नाही म्हणून कापलीत?”

टीगचा चेहरा लाल झाला. “बरं, मारली असेल गाठ. सवय असते हाताला. पण तुटला ना? नायलॉन तुटला असता का?”

“नसता. नायलॉन असता तर बैल आणि घोडा दोघांतलं एक उलथंपालथं झालं असतं, आणि तुम्ही घोड्याला दोष दिला असता.” तिचा आवाज चढला. मी तिला तीस वर्षं ओळखते, तो आवाज मी ऐकला नव्हता. “आधी दोराचा दोष. मग दोर करणाऱ्याचा. मग त्याच्या बायकोचा. तुमच्यापर्यंत यायला मध्ये अजून किती माणसं लागतात हो?”

“बाई, मला कामं आहेत.”

“मला काही नको तुमच्याकडून. माफीसुद्धा नको, ती ठेवा तुमच्याजवळ. दवाखान्यात जा आणि ओरिनला सांगा, गाठ मी मारली होती. त्याला कळू दे त्याचा डोळा कशानं गेला. तो पंचवीस वर्षं माझ्या नाहीतर ह्यांच्या दोरावर जीव टाकून राहिलाय.”

“सवड झाली की बघू,” टीग म्हणाला, आणि घोड्यावर चढून निघून गेला.

तो गेल्यावर फ्लॉइड नावाचा म्हातारा घोडेस्वार फाटकाशी आला. त्यानं फळी उपटली. खिळे वाकडे होऊन निघाले. “बाई,” तो मातीकडे बघत म्हणाला, “आम्ही पाहिलं होतं. गाठ मारताना.”

“मग आता मला कशाला सांगता?” कासिल्दा म्हणाली. “आता मला ठाऊक झालंय.”

तुम्हाला वाटेल, मालकाच्या कानावर गेलं असेल आणि टीगची उचलबांगडी झाली असेल. गेलं कानावर. मीच घातलं, कॉफी देताना. मालक म्हणाला, “ओफेलिया, अपघात हा अपघात असतो,” आणि साखर मागितली. टीग त्यानंतर तीन वर्षं आमच्या डोक्यावर होता.

*

दवाखान्यात तो गेला नाही. गुरुवारपर्यंत कासिल्दानं वाट पाहिली. मग आम्हीच गेलो. नासारियो आमच्याबरोबर येणार नाही असं मला वाटलं होतं. पण तो आधीच पिकअपमध्ये जाऊन बसला होता, स्वच्छ शर्ट घालून. गळ्याशी बटण लागलं नव्हतं. कासिल्दानं ते पाहिलं, आणि मैलभर गेल्यावर गाडी थांबवून लावलं.

ओरिन खिडकीजवळच्या खाटेवर बसला होता. अर्धा चेहरा पट्टीखाली. पुढं ताट होतं, त्यात न खाल्लेलं मांस आणि कॉफीचा कप.

“अरे वा,” तो म्हणाला. “एवढी माणसं! मी मरणार आहे की काय?”

“तू कसला मरतोस,” मी म्हटलं. “नरकात चांगली कॉफी मिळत नाही.”

“इथंही मिळत नाही, ओफेलिया.”

कासिल्दानं पिशवीतून ती गाठ काढून त्याच्या हातात ठेवली. बाकी काही सांगितलं नाही. ओरिननं तिच्याकडे पाहिलं नाही. अंगठा आत घातला, पोकळी चाचपली, काळी बाजू नखानं खरवडून नाकाशी नेली. बराच वेळ त्याची बोटं त्या कातड्यावर फिरत राहिली.

“रबर,” तो म्हणाला.

“हो.”

“तरीच म्हटलं.” त्यानं गाठ पांघरुणावर ठेवली. “मी इथं पडून विचार करत होतो. दोर चांगला होता, पाडसाच्या पायासारखा. मग झालं काय? म्हटलं, आपणच वाईट जागी उभे राहिलो असू.”

बघा, म्हणजे तोही स्वतःला दोष देत पडला होता. एका माणसानं एक गाठ मारली, आणि खोऱ्यातली तीन म्हातारी माणसं नऊ दिवस आपापल्या जागी स्वतःला खात होती, तो सोडून!

नासारियो खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं घसा खाकरला.

“ओरिन, दोर हिचा होता,” तो म्हणाला. “सगळे हिचेच होते. चौदा वर्षं. मी नुसता मांडीवर घेऊन बसायचो.”

“ठाऊक आहे मला,” ओरिन म्हणाला.

“ठाऊक आहे?” कासिल्दा त्याच्यावरच उसळली. “कधीपासून?”

“पहिल्या दोरापासून. नासारियोचा दोर नवा असताना चावरा असायचा, हाताला ऐकायला वर्ष लागायचं. तुझा पहिल्या दिवसापासून ऐकतो.”

“मग बोलला का नाहीस कधी?”

ओरिननं खांदे उडवले. “तुम्ही दोघं बोलत नव्हता. म्हटलं, तुमच्या घरातली गोष्ट.”

“सगळ्यांना ठाऊक!” ती म्हणाली. “देवाला ठाऊक, ह्याला ठाऊक, गाठीचं फ्लॉइडला ठाऊक. आणि तुम्ही,” ती नवऱ्याकडे वळली, “इथं सांगताय? ज्याला आधीच माहीत आहे त्याला? टीगसमोर तोंड उघडलंत तेव्हा काय निघालं त्यातून?”

“तेच निघालं,” नासारियो म्हणाला. “तेच शब्द होते, कासिल्दा. तेव्हा घाबरून निघाले.” त्यानं आपल्या वाकड्या बोटांकडे पाहिलं. “माफ कर म्हणायलाही मला आता लाज वाटते.”

तिनं माफ केलं असंही नाही, नाही केलं असंही नाही. कोपऱ्यातली एकुलती खुर्ची तिनं ओढून त्याच्या मागं आणली, एवढंच. तो बसला. ती उभीच राहिली.

बाहेर कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली.

ओरिननं कॉफीच्या कपाकडे हात केला. हात सरळ गेला, ठाम, चाळीस वर्षं धावत्या वासराच्या पायात फास टाकणारा हात, आणि कपाच्या अलीकडे, चार बोटांवर, हवेत मिटला. तिथं काहीच नव्हतं. त्यानं हात मागं घेतला. आम्ही तिघांनीही ते पाहिलं. मी पुढं वाकले होते, कप त्याच्या हातात द्यायला. कासिल्दानं माझं मनगट धरलं. तिची पकड मला माहीत होती, तरी दुखलं.

ओरिन त्या कपाकडे एका डोळ्यानं बघत राहिला, मान थोडी इकडे करून, थोडी तिकडे करून. मग त्यानं पुन्हा हात पुढं केला, या खेपेला सावकाश. बोटांची टोकं आधी ताटाच्या कडेला लागली. तिथून ती पुढं सरकली.

आम्ही थांबलो.